हाक कुठे ठेवायची

ताई पुठ्ठ्याच्या कारखान्यात नमुन्याची खोकी करायची. कुणाला बूट विकायचे असोत, कुणाला कपबश्या, कुणाला दाढीचं यंत्र, वस्तू आधी ताईच्या टेबलावर यायची. ताई ती हातात घेऊन उलटीपालटी करायची, पोलादी पट्टी आणि सुरी घेऊन पांढऱ्या पुठ्ठ्याचं खोकं कापायची, घड्या घालायची, वस्तू आत बसवायची आणि खोकं कानाशी धरून हलवायची. आत काही खुळखुळलं नाही की खोकं पास. मग ते छापायला जायचं आणि त्याच्यावर दुसऱ्याचं नाव यायचं. इतक्या वर्षांत तिच्या हातून निघालेल्या खोक्यांनी एखादं मैदान भरलं असतं, पण एकावरही तिचं नाव नव्हतं. आता खोकं करणाऱ्याचं नाव खोक्यावर कोण घालतो म्हणा. तिलाही ते कळत होतं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं.

म्हणून तिने खेळ केला. खेळ करणाऱ्याचं नाव झाकणावर असतं, हे तिने खेळण्यांची खोकी करतानाच पाहिलं होतं. कारखान्यातले उरलेसुरले तुकडे पिशवीत घालून ती घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून बसायची. बघता बघता तिचं जेवण ओट्यावर गेलं आणि टेबल खेळाचं झालं.

खेळाचं नाव ‘दोन काठ’. पटाच्या मधून नदी वाहते. खेळणारे चार, जोड्या दोन. जोडीतला एक या काठावर बसतो, दुसरा त्या काठावर, आणि दोघांनी आपापल्या बाजूने पूल बांधत यायचं. हातात फळ्या असतात, काही सरळ, काही वाकड्या. दोघांनी एकेक फळी पालथी ठेवायची आणि एकदम उलटायची. सारख्या निघाल्या तर पूल पुढे सरकतो. नाही निघाल्या तर दोन्ही फळ्या पाण्यात. ज्यांचा पूल आधी मधोमध जुळेल ती जोडी जिंकली. खेळ सोपा, पण ग्यानबाची मेख अशी की खेळताना बोलायचं नाही. भुवई उडवायची नाही, खाकरायचं नाही, टेबलाखालून पाय मारायचा नाही. समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखूनच फळी टाकायची. फक्त प्रत्येक जोडीला एक हाक असते. हाक म्हणजे लाल रंगाची लाकडी चकती. ती उचलली की जोडीदाराला एक शब्द बोलता येतो. एकच शब्द, साऱ्या डावात एकदाच. मग ती चकती खोक्यात जाते आणि पुन्हा तोंडाला कुलूप.

दर रविवारी दुपारी खेळ तपासायला माणसं जमायची. माणसं म्हणजे कोण, तर तिचा धाकटा भाऊ बारकू आणि त्याची बायको, आणि खालच्या दवाखान्यातले कंपाउंडर आणि त्यांची बायको. बारकू आता नावापुरताच बारकू होता. जिन्यात तो आला की समोरच्याला भिंतीला चिकटून उभं राहावं लागायचं. आई गेली तेव्हा तो दप्तर पाठीला लावून दारात उभा होता, तेव्हापासून ताईने त्याला तळहाताच्या फोडासारखा जपला. त्याचा अभ्यास घेतला, त्याची दुखणी काढली, त्याचं लग्न लावून दिलं. स्वतःचं राहून गेलं ते गेलंच. बारकूची बायको सतत चिवचिवायची म्हणून ताई तिला चिमणी म्हणायची, आणि तिलाही ते आवडायचं.

बारकू खेळण्यांच्या एका कंपनीचा माल दुकानादुकानांत पोचवायचा. खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हाच तो म्हणाला होता, “ताई, हा पूर्ण झाला की मी स्वतः तुला साहेबांकडे घेऊन जातो. माझ्या शब्दाला तिथे वजन आहे.” ताईने मान डोलावली होती. साहेब लोकांसमोर तिची वाचा बसायची, हे दोघांनाही ठाऊक होतं. भाऊ बरोबर असेल तर भीती कसली?

खेळ तपासताना ताईचा एक कडक नियम होता. खेळ करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. कुणी चुकलं तरी सांगायचं नाही, अडलं तरी सुचवायचं नाही, कारण उद्या लोक खोकं विकत घेतील तेव्हा ताई काय प्रत्येकाच्या घरी जाऊन बसणार आहे? म्हणून ती तोंडात एक लवंग धरायची, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची आणि नुसती बघायची. तोंडांकडे नाही, हातांकडे. तोंडाने सगळेच ‘छान आहे हो’ म्हणतात, चहा पिऊन कोण वाईट म्हणेल? पण कुठे हात थबकला, कुठे चुकीच्या ढिगाकडे गेला, कुठे फळी उचलून परत ठेवली, तिथे खेळात काहीतरी खोट असते.

कंपाउंडरांच्या हातात तर खोटच खोट होती. त्यांना नियम ध्यानातच राहायचे नाहीत. “अगं, सरळ टाक, सरळ,” असं ते बायकोला उघड उघड सांगून मोकळे व्हायचे.

“काका, बोलायचं नाही,” बारकू म्हणायचा.

“बोललो कुठे? सांगितलं फक्त.”

यावर कंपाउंडरीणबाई मुद्दाम वाकडी टाकायच्या. संसारात इतकी वर्षं ज्यांची फळी जुळली नाही, त्यांची पटावर काय जुळणार? ताई लवंग चावत गालातल्या गालात हसायची.

बारकू आणि चिमणी मात्र पटापट जिंकायचे. आणि जिंकून झाल्यावर बारकू तोंड वाकडं करायचा. “मजा आहे ताई, पण अजून कच्चा आहे.” कधी म्हणायचा फळ्या फार झाल्या, कधी म्हणायचा शेवट लांबतो. ताई आठवडाभर डोकं लावून ते नीट करायची आणि पुढच्या रविवारी नवा पट मांडायची. बारकू मोबाइलवर त्याचे फोटो काढायचा, नियम नीट विचारून घ्यायचा, आणि जाताना म्हणायचा, “बराच सुधारला. पण घाई नको. साहेबांसमोर एकदाच जायचं, तर पक्कं करून जायचं.” ताईला भावाचा अभिमान वाटायचा. आपलं माणूस म्हणून उगाच डोक्यावर घेत नाही, चूक असेल तिथे चूक म्हणतो, असं तिने कारखान्यातही दोघीतिघींना सांगितलं होतं.

एका रविवारी खेळ ऐन रंगात आला होता. लाल चकत्या नेहमी पटाच्या कोपऱ्यात असायच्या, पहिल्यापासून त्यांची जागा तीच. बारकूला चिमणीला काहीतरी सांगायचं होतं. त्याचा हात उचलला गेला आणि सरळ नदीच्या मधोमध गेला. तिथे निळ्या रंगाशिवाय काही नव्हतं. बोटं पुठ्ठ्यावर आपटली. तो चमकला, मग हसला आणि कोपऱ्यातून चकती उचलली. ताईला त्यात काही वाटलं नाही. हात चुकतात. पण त्याच्या पुढच्या डावात चिमणीने हाक घ्यायची ठरवली आणि तिचाही हात नदीच्या मधोमध गेला. तसाच, न बघता. आपल्या स्वयंपाकघरात अंधारात काडेपेटी शोधताना जातो तसा.

ताईने लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. एक हात चुकला तर ती चूक. दोन हात एकाच जागी चुकले तर ती चूक खेळाची, हे तिचं जुनं गणित. कंपाउंडर कोपऱ्यातच हात घालत होते, पण त्यांचं काय धरायचं? त्या रात्री ती अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःशीच हसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. हाक मधेच हवी! दोन्ही काठांना सारखी लांब, चौघांच्याही हाताला सारखी. कोपऱ्यात ठेवायची अक्कल आपल्याला कुणी दिली होती? आणि बिचारी पोरं काही न बोलता, नुसत्या हाताने ते दाखवून गेली.

तो आठवडा तिने मजेत घालवला. नवा पट कापला, नदीच्या मधोमध एक गोल खळगा कोरला, लाल चकत्या त्यात अलगद बसतील असा. कडा घासून गुळगुळीत केल्या. कारखान्यातल्या बाईने विचारलं, “आज स्वारी खुशीत?” तर ताई म्हणाली, “माझ्या भावाने आणि भावजयीने न बोलता माझा खेळ पुरा केला.” पुढच्या सोमवारीच बारकूला घेऊन साहेबांकडे जायचं, हेही तिने मनाशी पक्कं केलं. झाकणावर आपलं नाव कुठे येईल, डावीकडे की मधोमध, इथपर्यंत तिची मजल गेली होती. गंगेत घोडं न्हालं म्हणायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

रविवार आला. कंपाउंडर एकटेच आले. बायकोची दाढ दुखत होती आणि त्यांच्याच दवाखान्यातलं औषध त्यांच्या हातून घ्यायला ती तयार नव्हती. “माझ्यावर भरवसा नाही,” ते म्हणाले, आणि बिस्किटांकडे वळले. मग बारकू आणि चिमणी आली. चहाचे कप हातात दिल्यावर ताईने टेबलावरचं फडकं काढलं.

“बघा,” ती म्हणाली.

बारकूने पट पाहिला. मधला गोल खळगा पाहिला. त्यात बसलेल्या लाल चकत्या पाहिल्या. त्याचा चेहरा असा उतरला की ताईला वाटलं, त्याचं तोंड चहाने पोळलं.

“ही मधे कशी आली?” त्याने विचारलं.

“का? नाही आवडली?”

“तुला कोणी सांगितलं?”

“कोण सांगणार? तुम्हीच दोघांनी दाखवलंत की,” ताई कौतुकाने म्हणाली.

बारकू गर्रकन बायकोकडे वळला. “तू बोललीस हिच्याशी?”

“मी कशाला बोलू? मी शब्द काढलेला नाही,” चिमणी म्हणाली. “तुम्हीच दुकानात मांडून ठेवायची घाई केलीत. मी म्हणत होते, आधी ताईंच्या कानावर घाला.”

मग दोघंही गप्प झाली. फार उशिरा गप्प झाली.

“काय मांडलंय दुकानात?” ताईने विचारलं.

कंपाउंडर कपात बिस्कीट बुडवून बसले होते, ते मऊ होऊन आत पडलं तरी त्यांनी हात हलवला नाही. ताई पटाकडे बघत राहिली. दोन हात, न बघता, एकाच जागी. हाताला जागा अशी पाठ कधी होते? पुन्हा पुन्हा खेळून होते. आणि तिच्या पटावर तर ती जागा नव्हतीच. मग ही दोघं कुठल्या पटावर खेळत होती?

ती स्टुलावर बसली.

“बारकू, काय केलंस तू?”

“मी सांगणारच होतो, ताई.”

“काय ते सांग.”

“खाली गाडीत आहे,” चिमणीच म्हणाली. “जा, घेऊन या. आता काय लपवायचं राहिलंय?”

बारकू जिना उतरून गेला. तेवढ्या वेळात चिमणीने ताईला बरंच काही सांगितलं. साहेबांना खेळ फार आवडला, गेल्या वर्षभरात एवढा कुठलाच आवडला नव्हता, बारकूला आता दुकानादुकानांत हिंडावं लागणार नाही, कंपनीत बसून काम मिळालं. हाक मधे ठेवायची ही कंपनीतल्या लोकांची सूचना. “तुमच्या भावाचं भलं झालं, ताई. तुम्हाला आनंदच होईल ना?” ताईच्या तोंडात लवंग होती, ती तिला जाळत होती. भावाचं भलं. जन्मभर तिने दुसरं काय मागितलं होतं?

बारकू खोकं घेऊन आला. मोठं, चकचकीत, झाकणावर निळी नदी आणि दोन पूल. ताईने ते हातात घेतलं आणि सवयीने कानाशी धरून हलवलं. आत सगळं खुळखुळलं. झाकणही सैल होतं. मग तिने खाली छापलेलं वाचलं. ‘दोन काठ’. कल्पना आणि रचना, आणि पुढे बारकूचं नाव, बारकूच्या बायकोचं नाव.

आत पट होता. मधोमध गोल खळगा, त्यात लाल चकत्या. तिने आठवडाभर घासून केला तसाच. नियमांच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत एक ओळ होती. ‘खेळून पाहिल्याबद्दल आमच्या ताईचे आणि शेजाऱ्यांचे आभार.’

“शेजारी म्हणजे मी,” कंपाउंडर तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाले. मग त्यांना काय झालं ते उमगलं असावं, कारण ते मुकाट्याने जागेवर जाऊन बसले.

ताईला आधी लाज वाटली. राग नंतर आला. आठवडाभर आपण काय नाचत होतो. माझ्या भावाने माझा खेळ पुरा केला, असं तोंड वर करून सांगत होतो. आणि इकडे भाऊ आपल्याच टेबलाशी बसून, आपलाच चहा पिऊन, केसाने गळा कापत होता.

“दर रविवारी कच्चा आहे म्हणायचास,” ती म्हणाली.

“त्यांना अजून थोडं सोपं करून हवं होतं. शेवट लवकर यावा असं म्हणत होते.”

“आणि ते मी करून दिलं.”

बारकूने समोरचा कप दूर सारला.

“फळ्या फार झाल्या, हेही त्यांनीच सांगितलं?”

“हो.”

“म्हणजे मी नोकरी करत होते त्यांची. आणि तू निरोप्या.”

“तसं नाही गं, ताई.” बारकू खुर्चीच्या काठावर बसला. एवढा मोठा माणूस, पण दप्तर लावून दारात उभा होता तेव्हासारखा दिसला. “मी तुझाच म्हणून दाखवायला नेला होता. शपथेवर सांगतो. साहेबांनी विचारलं, कुणी केला? आणि माझ्या तोंडून ‘मी’ असं निघून गेलं. त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मग परत कसं घेणार? आणि तू तरी काय केलं असतंस? तू दोन शब्द बोलली असतीस का त्यांच्यासमोर?”

“तू बोलणार होतास ना माझ्या वतीने?”

“बोललोच की.”

“माझ्या वतीने नाही बोललास. माझ्या जागी बोललास.”

ताईला त्याला मारावंसं वाटलं. त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि तसं वाटल्याचाच तिला जास्त राग आला. परक्याने हे केलं असतं तर तिने त्याची गावभर शोभा केली असती. आपल्याच माणसाची शोभा कुठे करायची? आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला हे खरं, पण त्या नागोबाला दूध पाजून वाढवला कुणी?

“पुढच्या छपाईत तुझं नाव घालायला सांगतो,” बारकू म्हणाला. “मी बोलतो साहेबांशी. थोडी कळ काढ.”

“पुढच्या छपाईत,” ताई म्हणाली.

तिने तोंडातली लवंग काढून बशीत ठेवली. स्टूल मागे सारलं आणि येऊन टेबलाशी बसली, चिमणीच्या खुर्चीत, बारकूच्या समोर. आजवर ती एकदाही खेळायला बसली नव्हती.

“काकांबरोबर तू बस,” ती चिमणीला म्हणाली. “नमुना केलाय, तर खेळून बघू.”

“आत्ता?” चिमणीने विचारलं.

“आत्ताच. आता बोलायचं नाही कुणी.”

कुणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. फळ्या वाटल्या गेल्या. आणि काय सांगावं, ताई आणि बारकूचा पूल असा झरझर सरकायला लागला की चिमणी बघतच राहिली. तो सरळ टाकायचा तेव्हा ताईचीही सरळ असायची. तो वाकडी टाकायचा तेव्हा ताईचीही वाकडी. ताईला त्याच्याकडे बघावंही लागत नव्हतं. त्याला ताप येणार हे तिला आदल्या दिवशी कळायचं, तर फळीचं काय? चिमणीशी त्याची जोडी सरावाने जमली होती. ताईशी ती आपोआप जमत होती. हा खेळ तिने कुणाला डोळ्यांसमोर ठेवून केला होता, हे तिला स्वतःलाच त्या दिवशी कळलं.

एका फळीची जागा उरली. मधोमध, लाल चकत्यांच्या कडेला. सारख्या फळ्या पडल्या की पूल जुळला.

बारकूने हातातली फळी पालथी ठेवली. ती सरळ आहे हे ताईला माहीत होतं. शेवटाला आलं की तो नेहमी सरळच टाकायचा, लहानपणापासून त्याला शेवटाची घाई. ताईच्या हातात दोन फळ्या होत्या, एक सरळ, एक वाकडी. ती थांबली. तिला थांबलेलं पाहून बारकूने हात पुढे केला आणि नदीच्या मधोमध असलेली लाल चकती उचलली. एक शब्द त्याला बोलता येत होता. फळीचं नाव त्याने सांगितलं असतं तरी चाललं असतं.

“ताई,” तो म्हणाला.

त्याचा आवाज कातर झाला होता. त्या हाकेला ओ द्यायला ताई आयुष्यात कधी थांबली नव्हती. तापल्या तव्यासमोरून, कारखान्याच्या दारातून, झोपेतून उठून ती त्या हाकेला गेली होती. तिचे डोळे भरून आले. तिने वाकडी फळी उचलली आणि पालथी ठेवली.

दोघांनी एकदम फळ्या उलटल्या. त्याची सरळ होती. ताईने दोन्ही फळ्या बोटाने ढकलून निळ्या पाण्यात सोडल्या.

“ताई, ऐक ना,” बारकू म्हणाला. “माझं एकदा ऐकून तरी घे.”

त्याच्या मुठीत अजून ती लाल चकती होती. कंपाउंडरांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि रिकामं खोकं हळूच त्याच्यापुढे सरकवलं.

“हाक एकदाच असते ना?” त्यांनी विचारलं.

“एकदाच,” ताई म्हणाली, आणि आपल्या फळ्या गोळा करू लागली.